कानाच्या पडद्यावरील पांढरा डाग

धाराशिव जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवच्या शाळेंत मागच्या बाकावर असा एखादा मुलगा आढळतो, कीं ज्याच्याविषयीं गुरुजींची तक्रार कायमची असते. हांक मारली तरी तो वर पाहत नाहीं. विचारावें एक तर सांगतो भलतेंच. घरचीं माणसें म्हणतात, त्याचें लक्षच ठिकाणावर नसतें. पावसाळ्यांत त्याचा कान वाहतो, उन्हाळ्यांत सुकतो, आणि आजी कोमट तेलाचे चार थेंब कानांत सोडून निश्चिंत होते. वस्तुतः तो मुलगा मंदहि नसतो आणि आळशीहि नसतो. त्यास कमी ऐकूं येत असतें, इतकेंच. अशा मुलास कोणीं डॉक्टराकडे नेलें आणि डॉक्टरानें दिव्याच्या साहाय्यानें कानांत पाहिलें, तर कधीं पडद्यास भोंक पडलेलें दिसतें, कधीं पडद्यामागें चिकट पाणी सांचलेलें दिसतें, आणि कधीं मोत्याच्या रंगाच्या त्या पडद्यावर खडूनें बोट ओढावें तसा पांढरा डाग उमटलेला दिसतो.

हा डाग म्हणजे भरून आलेल्या जखमेचा वण होय. कधीं तो कान फुटल्यामुळें येतो, तर कधीं कान बरा करण्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेमुळेंच येतो. ज्या उपायानें मुलास ऐकूं यावयाचें तोच उपाय पडद्यावर चुन्याचा थर मागें ठेवून जावा, हें कोडें वैद्यकास दोनशें वर्षें पुरलें. त्याची उकल शोधतां शोधतां शास्त्रज्ञ जेथें येऊन पोहोंचले, तेथें तांबें, जस्त, लोखंड आणि सेलेनियम हीं खनिजें त्यांच्या वाटेंत उभीं होतीं. ह्या शोधाची हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु ज्या घरांत वाहत्या कानाचें मूल आहे त्या घरास ती उपयोगाचीहि आहे.

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून महाराष्ट्र त्यास ओळखतो. इतिहासास तें तगर ह्या जुन्या नांवानें ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनाम ग्रीक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें नगर असल्याचें सांगितलें आहे. तेथील कापड गाड्यांवर लादून, जेथें धड रस्ताहि नाहीं अशा मुलखांतून, भडोच बंदरास जात असे. हें तगर म्हणजेच तेर होय असें फ्लीट ह्या पंडितानें १९०१ सालीं दाखवून दिलें. त्याच ग्रंथांत भडोचला परदेशांतून येणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तींत तांबें, कथील व शिसें ह्या धातूंचीं नांवें आहेत. म्हणजे तगरचें कापड ज्या बंदरांतून बाहेर जाई, त्याच बंदरांतून तांबें देशांत येई. त्या तांब्याचें भांडें झालें, नाणें झालें, देवाची मूर्ति झाली. त्याच तांब्याचा कण प्रत्येक माणसाच्या रक्तांत आहे आणि तेथें तो पहारा करीत असतो, ही गोष्ट मात्र त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती.

कानाकडे मात्र त्या काळच्या वैद्यांचें लक्ष होतें. सातवाहनकालीन मूर्तींच्या कानांतील जड कुंडलें पाहिलीं म्हणजे फाटलेल्या पाळ्या हा तेव्हांचा नित्याचा प्रश्न असला पाहिजे हें ध्यानांत येतें. सुश्रुतसंहितेंत मुलाचे कान सहाव्या अथवा सातव्या महिन्यांत टोंचण्याचा विधि आहे, फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार आहेत, आणि कानाच्या अठ्ठावीस रोगांची गणना आहे. कान वाहणें, कानांत नाद होणें, बहिरेपण येणें हीं सर्व लक्षणें तेथें वेगवेगळीं नोंदलेलीं आहेत. परंतु कानाची नळी इंचभर लांब, वांकडी आणि अंधारी. तिच्या तळाशीं ताणून बसविलेला पडदा जिवंत माणसांत पाहावयाचा, तर तेथवर उजेड नेण्याची युक्ति हवी होती.

ती युक्ति हातीं येण्यापूर्वींहि हा डाग एका जाणत्या डोळ्यास दिसला होता. कासेबोम नांवाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें १७३४ सालीं कानाच्या पडद्यावरील खडूसारख्या ठिपक्यांचें वर्णन केलें. पुढें १८४१ सालीं हॉफमन ह्या जर्मन डॉक्टरानें मध्यें भोंक असलेला आरसा घेऊन त्यानें कानांत उजेड पाडला आणि भोंकांतून आंत पाहिलें. १८५५ सालीं फॉन ट्रोल्च ह्यानें तसाच अंतर्वक्र आरसा पॅरिस येथें वैद्यांस दाखविला, आणि त्यानंतर तो सर्वत्र रूढ झाला. कानाच्या डॉक्टराच्या कपाळावरील गोल आरसा तो हाच. व्हिएन्नाच्या पोलित्झर ह्यानें १८६५ सालीं पडद्याच्या निरनिराळ्या रूपांवर सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला. आतां पडदा उजेडांत आला, आणि त्याबरोबर त्यावरील डागहि उजेडांत आले. मधल्या कानाच्या अस्तरास येणाऱ्या ह्या काठिण्याचें वर्णन १८७३ सालीं फॉन ट्रोल्चनेंच केलें.

येथें पडद्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. हा पडदा मुलाच्या करंगळीच्या नखाएवढा, आणि जाडीनें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. त्यास तीन पदर असतात: बाहेरून कातडीचा, आंतून श्लेष्मल त्वचेचा, आणि मध्यें चिवट तंतूंचा. ह्या मधल्या पदरामुळेंच पडद्यास ताण राहतो. पडद्यामागें हवेची लहानशी पोकळी असते, तींत तीन चिमुकलीं हाडें सांखळीसारखीं जोडलेलीं असतात, आणि पोकळीपासून एक नळी घशांत उतरते. सर्दीनें ही नळी बुजली म्हणजे पोकळींतील हवा शोषली जाते, तिच्या जागीं पाणी सांचतें, आणि पडद्याचें हालणें मंदावतें. मागच्या बाकावरील मुलास गुरुजींचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो तो ह्यामुळें.

नळी बुजली असेल तर पडद्यासच भोंक पाडून हवा आंत सोडावी, हा विचार लंडनचे शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर ह्यांनीं अमलांत आणला. १८०१ सालीं त्यांनीं रॉयल सोसायटीपुढें आपला अनुभव मांडला: पडद्यास छिद्र पाडतांच कित्येक रोग्यांस तत्काळ ऐकूं येऊं लागलें. ह्या कामगिरीबद्दल त्यांस कोप्ले पदक मिळालें. परंतु आनंद फार दिवस टिकला नाहीं. पडदा हा शरीरांतील मोठा चपळ कारागीर आहे. त्यास पाडलेलें भोंक तो थोड्याच दिवसांत आपलें आपण बुजवून टाकतो. भोंक बुजलें कीं बहिरेपण परत. पोलित्झरनें भोंकांत कठीण रबराची लहानशी नळी बसवून पाहिली. तीहि नीट टिकेना. अखेर १९५४ सालीं अमेरिकेंतील आर्मस्ट्राँग ह्या डॉक्टरानें प्लॅस्टिकची बारीक नळी बसविली, आणि ती कित्येक महिने जागेवर राहूं लागली. हीच पुढें ग्रॉमेट ह्या नांवानें जगभर पसरली. मुलांवर होणाऱ्या नेहमींच्या शस्त्रक्रियांमध्यें आज तिची गणना होते.

हजारों मुलांच्या कानांत नळ्या बसूं लागल्या तेव्हां तो जुना पांढरा डाग नव्यानें नजरेस भरला. नळी गळून पडल्यावर, भोंक भरून आल्यावर, पुष्कळ मुलांच्या पडद्यावर खडूची चंद्रकोर उमटलेली दिसे. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां मधल्या पदरांतील तंतु फुगून कांचेसारखे एकजीव झालेले आढळले, आणि त्यांत चुन्याचे क्षार बसलेले आढळले. डाग पडद्यापुरताच असेल तर ऐकण्यांत सहसा फारसें उणें येत नाहीं, ही समाधानाची गोष्ट. परंतु वारंवार फुटणाऱ्या कानांत हेंच काठिण्य पडद्यावरून आंत पसरतें आणि त्या तीन हाडांच्या सांखळीस जखडून टाकतें. मग आवाज पुढें जात नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनींत झोल्नर आणि वुलस्टाइन ह्यांनीं मधल्या कानाची पुनर्रचना करण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला, तेव्हां अशीं जखडलेलीं हाडें मोकळीं करणें किती अवघड आहे ह्याचा अनुभव सर्वांस येऊं लागला.

जखम तर शरीरावर सगळीकडे होते आणि भरूनहि येते. मग कानाच्या पडद्यावरच चुना कां धरावा? ह्या प्रश्नाचें उत्तर स्वीडन देशांतून आलें. १९९५ च्या सुमारास मॅटसन, मॅग्नुसन आणि हेलस्ट्रोम ह्या संशोधकांनीं पांढऱ्या उंदरांच्या पडद्यांस छिद्रें पाडून, त्यांस प्राणवायूचें प्रमाण कमीअधिक असलेल्या हवेंत ठेवून पाहिलें. प्राणवायु जितका अधिक, तितका पडद्यावरील डाग अधिक, असें त्यांस आढळलें. ह्याचा अर्थ लावणें कठीण नव्हतें. बाहेरच्या हवेंत शंभरांत सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. मधल्या कानाच्या बंद पोकळींत तो त्याच्या निम्म्याहूनहि कमी असतो. ती जागा जन्मापासून थोड्या प्राणवायूवर राहण्यास सरावलेली असते. पडद्यास भोंक पडलें कीं बाहेरची हवा एकाएकीं आंत शिरते, आणि आधींच जखमी झालेल्या तंतूंवर प्राणवायूचा भार येऊन पडतो.

प्राणवायु हा प्राण देणारा खरा; परंतु लोखंडास गंज चढविणारा आणि तेलास खंवट करणाराहि तोच. शरीरांत त्याचे कांहीं कण अर्धवट जळक्या निखाऱ्यासारखे होतात. एका इलेक्ट्रॉनच्या हिशेबानें ते अपुरे अथवा अधिक असतात, आणि ज्यास शिवतात त्यास बिघडवितात. रसायनशास्त्रांत त्यांस मुक्त मूलकें म्हणतात. जखमेच्या जागीं ह्या निखाऱ्यांची गर्दी होते. रक्तांतून सुटलेलें लोह तेथें असेल तर आगींत तेल पडतें; कारण लोहाच्या सान्निध्यांत सौम्य निखाऱ्याचाहि दाहक निखारा होतो, ही क्रिया फेंटन ह्या रसायनज्ञानें १८९४ सालींच नोंदून ठेविली होती.

मग शरीर जळून कसें जात नाहीं? येथें तगरच्या वाटेवरील तांबें पुन्हां भेटतें. १९३८ सालीं केंब्रिज येथें मान आणि केलिन ह्या दोघांनीं बैलाच्या रक्तांतून तांबें असलेलें एक निळसर प्रथिन वेगळें काढलें. तें तेथें काय करतें हें त्यांस उमगलें नाहीं. एकतीस वर्षें तें बिनकामाचें तांबें म्हणून ग्रंथांत पडून राहिलें. १९६९ सालीं अमेरिकेंत मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच ह्यांनीं दाखविलें कीं, तें बिनकामाचें नसून प्राणवायूचे निखारे विझविणारें एन्झाईम आहे. त्यास सुपरऑक्साइड डिसम्यूटेज असें नांव मिळालें. त्यांत तांब्याच्या जोडीस जस्तहि असतें. तांबें निखारा पकडतें, आणि जस्त त्या प्रथिनाची घडी मोडूं देत नाहीं. ज्या जस्ताची वाफ पकडून धातु गाळण्याची विद्या राजस्थानांतील झावर येथील कारागिरांनीं मध्ययुगांतच साधली होती, तेंच हें जस्त.

निखारा विझला तरी त्याची ऊब मागें उरते. ती नाहींशी करणारें दुसरें एन्झाईम आहे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. त्याच्या पोटांत सेलेनियम हें मूलद्रव्य असतें, ही गोष्ट १९७३ सालीं उघडकीस आली. सेलेनियमचा शोध १८१७ सालीं बर्झेलियस ह्या स्वीडिश रसायनज्ञानें लावला होता, आणि चंद्राच्या ग्रीक नांवावरून त्याचें नांव ठेविलें होतें. पुष्कळ काळ तें केवळ विष म्हणून माहीत होतें. विष म्हणून ओळखलेली वस्तु अल्प प्रमाणांत जीवनास आवश्यक निघावी, हा ह्या इतिहासांतील मोठाच धडा आहे.

स्वीडिश संशोधकांनीं ह्या दोन धाग्यांची गांठ मारली. छिद्र पाडलेल्या पडद्यावर त्यांनीं निखारे विझविणारीं द्रव्यें लाविलीं: तांबें-जस्ताचें तें एन्झाईम, आणि लोहास घट्ट बांधून ठेवणारें डेफेरॉक्झामीन हें औषध. डाग पुष्कळ कमी झाले. २००१ सालीं पोर्तुगालमधील स्प्रॅटली व त्याच्या सहकाऱ्यांनीं क जीवनसत्त्व लावून असाच अनुभव घेतला. २००२ च्या सुमारास तुर्कस्तानांतील मेर्सिन येथील डॉक्टरांनीं सेलेनियम देऊन पाहिलें. तेथेंहि उंदरांच्या पडद्यांवरील काठिण्य कमी आढळलें. दोनशें वर्षांच्या कोड्याची एक कडी अशी हातीं आली.

परंतु येथेंच सावधपणाची गरज आहे. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. उंदराचा पडदा काहीं आठवड्यांत डाग धरतो, मुलाच्या पडद्याची गोष्ट महिन्यांची अथवा वर्षांची असते. उंदीर निरोगी होता, मुलाचा कान आधींच रोगी असतो. मुलांच्या कानांत ह्या खनिजांनीं डाग टळतात हें अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं, आणि कानाच्या शस्त्रक्रियेनंतर अशीं खनिजें देण्याची रीत डॉक्टरांत रूढ झालेली नाहीं. बाजारांत मात्र जस्ताच्या आणि सेलेनियमच्या गोळ्या भरपूर मिळतात, व त्यांवरील जाहिरातींत सर्व रोगांची नांवें असतात. अशा वेळीं हें लक्षांत ठेवावें कीं, जस्त अधिक झालें तर अन्नांतील तांबें अंगीं लागत नाहीं. म्हणजे पहारेकऱ्यांपैकीं एकास पोसण्यासाठीं दुसऱ्यास उपाशी ठेवण्यासारखें होतें. सेलेनियम अधिक झालें तर केस व नखें गळतात. पंजाबांत होशियारपूर व नवांशहर ह्या भागांतील कांहीं गांवांच्या मातींत तें नैसर्गिकपणेंच अधिक आहे, आणि तेथें गुरांस व माणसांसहि त्याचा उपद्रव झालेला आहे. आणि लोह वाईट म्हणून मुलाचें लोह तोडणें हा तर शुद्ध वेडेपणा होय. रक्तांत लोह नसेल तर मूल उभेंच राहूं शकणार नाहीं.

खनिजांची खरी जागा ताटांत आहे. जस्ताच्या उणिवेनें मुलांची वाढ खुंटते व जखमा उशीरां भरतात, ही गोष्ट १९६० नंतरच्या दशकांत आनंद प्रसाद ह्या भारतीय डॉक्टरानें इराण व मिसर येथील रोग्यांच्या अभ्यासानें जगापुढें आणली. ज्यांची भाकरी जाड्याभरड्या धान्याची, त्यांच्यासाठीं तिचें महत्त्व विशेष आहे. धाराशिवकडचें मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारींत जस्त असतें, परंतु धान्याच्या कोंड्यांतील फायटेट नांवाचें द्रव्य त्यास धरून ठेवतें. शिवाय चुनखडीच्या काळ्या जमिनींत पिकांसच जस्त पुरेसें मिळत नाहीं, हें शेतकी खात्याचे लोक सांगत असतात. ह्यावरचा उपाय मात्र घरोघरीं पूर्वींपासून चालत आलेला आहे. मटकी, मूग, हुलगे भिजवून मोड आणले, पीठ आंबविलें, म्हणजे तें बंधन बरेंचसें सैल होतें. तीळ, शेंगदाणे, डाळी आणि ज्यांस चालतें त्यांस अंडीं व मांस, ह्यांत तांबें व जस्त दोन्ही मिळतात. ह्यानें पडद्यावरील डाग टळेल असें वचन कोणीं देऊं नये. जखम भरून येण्यास शरीराजवळ शिधा असावा, इतकाच त्याचा अर्थ.

डाग टाळण्याचा खात्रीचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे कान वारंवार फुटूं न देणें. त्यासाठीं पूर्वींच्या पिढ्यांस ज्या सोयी नव्हत्या त्या आतां आल्या आहेत. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामच्या राज्यांत होता, आणि १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. १९६३ सालीं सोलापुरास वैद्यकीय महाविद्यालय निघालें. २०२२ सालीं जिल्ह्याच्या गांवींच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. आणि २०२३ सालीं उस्मानाबाद हें नांव जाऊन धाराशिव हें नांव आलें. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठीं देशाच्या सरकारनें २००६-०७ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. त्याचें मुख्य सूत्र साधें आहे: कान वाहूं लागला कीं तो तपासून घ्यावा, कोरडा ठेवावा, त्यांत तेल, रस अथवा काडी घालूं नये, आणि ज्या मुलाचें अभ्यासांत लक्ष नाहीं असें वाटतें त्याचें ऐकणें आधीं तपासावें. पडद्यामागें पाणी सांचून राहिलें आणि डॉक्टरानें नळी बसविण्याचा सल्ला दिला, तर पांढऱ्या डागाच्या भीतीनें मागें हटूं नये. पडद्यापुरता राहिलेला डाग मूल सहज पेलतें. बोलणें शिकण्याच्या वयांत दोन वर्षें न ऐकतां गेलीं तर तीं मात्र परत येत नाहींत.

तेरच्या संग्रहालयांत रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं मोठ्या हौसेनें जमविलेल्या वस्तु पाहावयास शाळांचीं मुलें येतात. मार्गदर्शक बोलत असतो, पुढचीं मुलें ऐकत असतात, आणि मागें एखादा मुलगा नुसताच कपाटाकडे पाहत उभा असतो. त्यास पुढें बोलावून त्याच्या कानाची चौकशी करणें, हें काम शास्त्रज्ञाचें नव्हे. तें त्याच्या गुरुजींचें आणि आईबापांचें आहे. उंदरांवरील प्रयोगांतून उद्यां एखादें औषध निघेलहि. तोंवर त्या मुलास पुढच्या बाकावर बसवावें, आणि येत्या बाजारच्या दिवशीं दवाखान्यांत न्यावें.